हात सोडेपर्यंतची गॅरंटी

जुबेदाखालाचं नाव आधी घेते, बाकीचं मागून सांगते. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या भिंतीला पाठ लावून जे दोन खोल्यांचं घर होतं, त्यातली जुबेदाखाला, सगळ्यांची खाला म्हणजे मावशी, बांगड्या भरणारी. मनेरनबाई म्हणून बाजारोबाजारी ओळखायचे तिला. तिनं मला ठेवून घेतलं. एवढं एक वाक्य लिहून थांबले असते तरी चाललं असतं.

आता मी सुरतेत आहे. इथं कशी आले ते राहू द्या, मोठी गोष्ट आहे आणि तिच्यात मजा नाही. एका मिक्सर-पंख्यांच्या दुकानात तक्रारीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोक बंद पडलेली यंत्रं पोटाशी धरून येतात आणि एकच विचारतात, गॅरंटी आहे की संपली? शेठनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणार, गॅरंटी म्हणजे बदलून देणार, आणि आपण शक्यतो दोन्ही नाही देणार. शेठची मुलगी कॉलेजात जाते. तिनं जाड डिक्शनरी काढून सांगितलं की हे दोन शब्द मुळात एकच आहेत. इंग्रजांनी फ्रेंचांकडून दोनदा आणले, वेगवेगळ्या दारांनी. म्हणजे बहीण एकच, एकदा माहेरच्या नावानं हाक मारली, एकदा सासरच्या. मी मान हलवली. आठवीतून शाळा सुटलेल्या माणसाला मान हलवायची चांगली सवय असते.

पण हा शब्द मला फ्रान्सकडून आला नाही. मोहर्लीच्या रस्त्यावरच्या एका गावच्या बुधवारच्या बाजारातून आला, भोंग्यातून. हे आठवायचं कारण, गेल्या आठवड्यात दिवाळीची आवराआवर करताना पावडरचा जुना डबा हाताला लागला. हलवला तर आत छुनछुन वाजलं.

त्यात पाच बांगड्यांचे तुकडे आहेत. हिरवे.

भामरागडच्या पलीकडून मी चंद्रपूरला आले तेव्हा पावसानं मागचा रस्ता बंद झाला होता. आमच्याकडे ही दरवर्षीची गोष्ट. नदी रस्त्यावर चढली की मागं जायचं नाव नाही. ओळखीच्या एका कंडक्टरनं खालाच्या दारात उभं केलं आणि तो आपल्या गाडीकडे गेला. खालानं मला वरून खालपर्यंत पाहिलं नाही. हात पाहिला. म्हणाली, "रिकाम्या हातानं घरात नको येऊ, बस इथी." आणि उंबऱ्यावरच बसवून बांगड्या भरायला लागली.

माझा हात लाकडासारखा ताठ. ती म्हणे, "हात ढिला सोड, बेटी. हात ढिला सोडाचा असन त आधी खांदा ढिला सोड. खांदा सोडाचा असन त जीव ढिला सोड." जीव कसा ढिला सोडतात मला माहीत नव्हतं, अजून नाही. एक बांगडी गेली, दुसरी गेली. पाचवीला मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "फुटल्या."

"फुटल्या नाई म्हणत. वाढल्या म्हणत."

"भरून देईन मी."

तेव्हा ती हसली आणि तिच्या धंद्याचा पहिला कायदा मला सांगितला. बाईचा हात मनेरनीच्या हातात आहे तोवर जी वाढेल ती मनेरनीची. हात सोडला की बाईची. तिच्या सासूपासून, सासूच्या सासूपासून चालत आलेला कायदा. म्हणून चांगली मनेरन घाईनं हात सोडत नाही, आणि वाईट मनेरन शेवटची बांगडी अर्ध्यावर असतानाच हात सोडते.

आतून खालू, म्हणजे खालाचा नवरा, खोकत बाहेर आले. सायकलींच्या ट्यूबना ठिगळ लावायचं त्यांचं दुकान होतं आणि जगाबद्दल त्यांना नेहमी शंका असायची. म्हणाले, "हिचा जिम्मा कोणाचा?" खालानं माझा हात धरलेलाच होता. ती म्हणाली, "अजून सोडला कुठी मी हात."

तो प्रश्न तिथंच संपला त्यांच्यासाठी. माझ्यासाठी नाही. मला रोज सकाळी वाटायचं की आज ही हात सोडेल आणि कंडक्टर दारात उभा असेल. म्हणून मी ते तुकडे वेचून पावडरच्या डब्यात ठेवले होते. कधी हिशेब विचारलाच तर दाखवता यावं की पाचच होत्या, सहा नव्हत्या.

नव्वदीतली ती वर्षं मला आजही वासानं आठवतात. फिरोजाबादहून बांगड्यांची खोकी यायची. उघडली की सुक्या गवताचा, कागदाचा आणि कुठल्या तरी परक्या धुळीचा वास यायचा. मी त्यात नाक खुपसायचे आणि खाला म्हणायची, "काय हुंगून राह्यली वं, जिलबी आहे का?" मग बाजाराची पत्र्याची पेटी भरायची. तळाशी जाड बांगड्या, शेतात राबणाऱ्या हातांच्या. मध्ये लग्नाचा हिरवा चुडा. वर बारीक, रंगीत, शाळेतल्या पोरींच्या. पहाटेच्या एसटीत पेटी आमच्या दोघींच्या मांडीवर. खड्डा आला की सगळी गाडी शांत व्हायची आणि पेटीकडे पाहायची. आवाज आला नाही की ड्रायव्हरसुद्धा सुटकेचा श्वास टाकायचा.

उन्हाळ्यात बाजाराला मोहाचा वास असायचा, गोड, जड, डोकं धरणारा. पावसाळ्यात चिखल, ओली पोती, सुकट आणि भिजलेल्या बैलांचा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायका बांधावरून थेट यायच्या. त्यांच्या हातांना चिखलाचा गारवा असायचा आणि बांगडी साबणाशिवाय सरकायची. दिवाळीनंतर धान घरात आलं की त्याच हातांना तुसाचा वास. खाला डोळे मिटून हाताचा वास घेऊन सांगायची, ही धानवाली, ही कापूसवाली, ही मास्तरीण. मास्तरणीच्या हाताला खडूचा वास असतो म्हणे. मला कधी आला नाही. मी शाळेत फार राहिलेच नव्हते.

मी आले त्याच पावसाळ्यात, एका बुधवारी, भोंगा आला.

भोंगेवाला कुठून आला कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं आमच्यासमोरच चादर पसरली, तिच्यावर सोन्यासारख्या पिवळ्या साखळ्या, बाळ्या, पाटल्या मांडल्या आणि बॅटरीवरच्या भोंग्यातून सुरू झाला, "गॅरंटी, गॅरंटी, गॅरंटी. एक सालकी गॅरंटी." वस्तूचं नाव तो घेतच नव्हता. त्यामुळे पहिल्या दोन-तीन बाजारांत बायकांना वाटलं की त्या पिवळ्या दागिन्यालाच गॅरंटी म्हणतात. "मले एक गॅरंटी द्या, गळ्यातली." "माह्या बहिणीजवळ दोन गॅरंट्या आहेत, कानातल्या."

एकदा शब्द गावात शिरला की पावसाळी बेडकासारखा कुठूनही ओरडायला लागतो. बैल विकणारा म्हणे, गॅरंटी आहे, मारत नाई. मारायचा. एसटीच्या थांब्यावर म्हातारे म्हणत, गाडी येईन पण गॅरंटी नाई. मास्तर शाळेत येतील याची गॅरंटी नाई. पाहुणे जेवूनच जातील ही गॅरंटी. एक आजारी म्हातारा दिवाळीपर्यंत जात नाही अशी त्याच्याच सुनेनं गॅरंटी दिली होती, आणि आवाजात आनंद नव्हता.

हा शब्द आला कुठून यावर आमच्या घरी जेवताना रोज वाद. खालूंचं म्हणणं, हा कोर्टातला शब्द आहे, जमानतीचा धाकटा भाऊ. सिरोंच्याकडचा एक मिरचीवाला आमच्याकडे पाणी प्यायला थांबायचा. तो छातीवर हात ठेवून सांगायचा की शब्द तेलुगू आहे, कारण त्यानं तो पहिल्यांदा करीमनगरात ऐकला. खाला दोघांना भाकरी वाढत म्हणायची, "कुठूनबी येऊ द्या. आपल्या इथी काम काय त्याचं? काचेले कोणी गॅरंटी देते का? काचेले हात देतात."

पण बायका विचारायला लागल्या होत्या. हातात अर्धा डझन भरून झाल्यावर हात वळवून पाहायच्या आणि भोंग्याकडे बघत म्हणायच्या, "याची गॅरंटी काय, मनेरनबाई?" खाला म्हणायची, "माहा हात सुटेपर्यंत." त्या हसायच्या. पुढच्या बुधवारी समोरच्या चादरीशी बसायच्या.

त्या श्रावणात खालाला ताप आला. बुधवार चुकवायचा नाही म्हणून मी एकटी पेटी घेऊन गेले. दुपारपर्यंत माझ्यासमोर एक शेळी येऊन गेली, बाकी कोणी नाही. समोर भोंगा, त्याच्याभोवती लुगड्यांचं कडं. भरलेली पेटी घेऊन घरी गेले तर खालू विचारतील, हिचा काय उपयोग. आणि नदी आता उतरली होती. रस्ता सुरू झाला होता.

माणूस घाबरला की त्याच्या तोंडून शब्द निघतो तो त्याचा नसतो. मी पेटीवर उभी राहिले आणि ओरडले, "काचेच्या बांगडीची गॅरंटी. पोळ्यापर्यंत. वाढली तर तुकडे आणा, नवी घेऊन जा."

भोंगा क्षणभर थांबला. त्यालाही धक्का बसला असावा. मग ते लुगड्यांचं कडं उठलं आणि माझ्याकडे आलं. संध्याकाळच्या गाडीत पेटी इतकी हलकी होती की खड्ड्यांत उडत होती. घरी खालानं रिकामी पेटी पाहिली, माझ्या गालाला हात लावला. मी काय बोलून आले ते मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिनं त्यात खिरीचा चमचा घातला.

पुढच्या बुधवारी खाला बरी होऊन माझ्यासोबत आली. बाजारात शिरलो तर आमच्या जागेवर आधीच रांग. बायकांच्या हातात पुरचुंड्या. पदराच्या गाठी, बिडीच्या पानांचे द्रोण, एकीकडे तर डालडाचा डबा. सगळीकडून काच वाजत होती.

"काय झालं वं?" खालानं विचारलं.

"गॅरंटी," शेवंताबाई म्हणाली. ही गावातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई, भोंग्याला बॅटरी लागायची, तिला नाही. "तुह्या पोरीनं देल्ली. तुकडे आणा म्हणे. आणले."

खालानं माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं. पेटीनं कोणाकडे पाहावं?

तुकडे खाली ओतले जाऊ लागले. त्यात आम्ही कधी न विकलेले रंग होते, उकिरड्यावरचे, आज्यांच्या काळातले. एका तुकड्यावर खालाचं बोट थांबलं. "हे त बाटलीचं आहे."

"असन," मालकीण म्हणाली. "हिरवं आहे ना पण."

सगळे बदलून दिले असते तर पेटी रिकामी होऊन खालाला दिवाळीचा माल भरता आला नसता. नाही म्हटलं असतं तर या गावात तिच्या हातात कोणी हात दिला नसता. आणि दोन्हीकडून माझी गाठोडी बांधायची वेळ आली होती. मी मनातल्या मनात बांधलीही. दोन कपडे, एक कंगवा, पावडरचा डबा.

खाला पेटीवर बसली. पदर नीट केला. म्हणाली, "पोरीनं देल्ली म्हणजे मी देल्ली. पण आपल्याजवळ भोंगेवाल्यासारखा कागद नाई. कागद नाई त बयान पाहिजे. बांगडी कशी वाढली ते इथी सगळ्यायसमोर सांगाचं. खरं असन त बदलून. पहिली कोण?"

रांगेतल्या निम्म्या बायका एकदम मागं सरकल्या. बाटलीवाली तर गायबच झाली.

शेवंताबाई पुढं आली. "म्हशीनं ढुसणी मारली, त वाढली."

मागून तिची सासू म्हणाली, "आपल्या घरी म्हैस कधी आली वं?"

"तुमी गप राहा, आत्याबाई."

"हिनं मले मारासाठी हात उचलला, त खांबाले लागला. खांबाचं बयान घ्या, मनेरनबाई, तो खोटं नाई बोलत."

हसू इतकं मोठं उठलं की भाजीवाले तराजू सोडून आले. खाला गंभीर होती. "म्हैस खोटी, खांब खरा. बयान मंजूर. पण सासूले दोन, तुले एक."

मग एक नवी सून. हातात चार तुकडे. खालानं विचारलं, "कशी?" सुनेनं पदर तोंडात धरला, कान लाल. कोणी तरी म्हणालं, सांग ना वं, आमच्या बी अशाच वाढत होत्या एका काळी. ती बिचारी तुकडे तिथंच टाकून दोन डझन नव्या विकत घेऊन पळाली. तिसरीनं सांगितलं की नाल्याजवळ अस्वल दिसलं. "अस्वलानं वाढवली?" "नाई. मले पाहून अस्वल पळालं, त्याले पाहून मी पळाली. पळसाचं झाड मधात आलं." या बयानावर खूप चर्चा झाली आणि शेवटी झाड दोषी ठरलं.

बाजार आमच्याभोवती गोळा झाला. बदलायला आलेल्या थोड्या, ऐकायला आलेल्या जास्त, आणि ऐकता ऐकता हात पुढं करून भरून घेणाऱ्या त्याहून जास्त. भोंगेवाल्यानं स्वतःच भोंगा बंद केला, कारण त्यालाही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात एक बाई काळी पडलेली साखळी त्याच्या चादरीवर ठेवून म्हणाली, "तुह्या गॅरंटीचं बयान कोण घेईन, भाऊ?" पुढच्या बुधवारी तो दिसला नाही. पुढच्याच्या पुढंही नाही.

दुपार कलली तेव्हा गिरजाबाई आली. मोकळ्या हातांची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुरचुंडी सोडली तर आत जुन्या, धुरकट निळ्या काचा.

"ह्या तुह्या नाईत," ती खालाला म्हणाली. "तुह्या सासूनं भरल्या होत्या, माह्या लग्नाच्या साली, दिवाळीले. मले बदलून नाई पाहिजे. सगळ्या सांगून राह्यल्या, त मले बी बयान द्याचं आहे."

"दे, बाई. कशा वाढल्या?"

"वाढल्या नाई," गिरजाबाई म्हणाली. "फोडल्या. दगडावर हात ठेवला न् चौघीनं फोडल्या. मी एकबी नाई वाढवली होती. इतक्या रोवण्या केल्या, एक नाई."

त्या चौघींपैकी दोघी तिथंच असाव्यात, कारण दोघी खाली पाहत होत्या.

खालानं पुरचुंडी पुन्हा बांधून तिच्या पदरात दिली. मग म्हणाली, "सासूनं भरल्या म्हणजे दुकान तेच. बस. रंग कोणता?"

गिरजाबाईनं मांडलेल्या रंगांवरून एकदा बोट फिरवलं. एवढ्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नसावं. "निळाच," म्हणाली. "निळा बरा दिसते मले."

तिचा हात माझ्यासारखाच, लाकूड. दोन बांगड्या गेल्या. ती दचकून हात ओढायला लागली. खालानं सोडला नाही. "वाढू दे. माह्या हातात आहे तोवर माह्या आहेत." आणि शेवंताबाई, जिला गप्प राहता येत नव्हतं, ती मागून म्हणाली, "जीव ढिला सोड, गिरजे. मनेरनबाई दिवसभर हेच म्हणते, कोणाले जमत नाई."

हसू आलं तेव्हा गिरजाबाईच्या हातात चौथी बांगडी सरकली होती.

सगळ्या गेल्यावर मी रांगेत उभी राहिले. रांगेत मी एकटीच होते. पावडरचा डबा उघडून खालासमोर ठेवला.

"हे काय?"

"माझ्या पाच. पहिल्या दिवसाच्या. माझं बयान." मी डबा तिच्याकडे सरकवला. "भीतीनं वाढल्या. गॅरंटी पण भीतीनंच दिली. तुम्हाला सांगितलं नाही, ते पण भीतीनं. मला परत पाठवायचं असेल तर रस्ता सुरू झालाय."

खालानं डब्यात बोट फिरवलं. "हे तुकडे तू ठेवले काऊन?"

"सहा नव्हत्या, पाचच होत्या, म्हणून."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला, तापानंतरचा. मी पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं माझं मनगट धरलं, जसं गिऱ्हाइकाचं धरते तसं, अंगठा आत, चार बोटं बाहेर. "बयान मंजूर," म्हणाली. "पेटी उचल. गाडी जाईन."

एसटीत तिनं ते मनगट चंद्रपूरपर्यंत सोडलं नाही. झोप लागली तरी नाही. घरी खालूंनी सगळं ऐकून घेतलं, खोकले, आणि म्हणाले, "लेकिन काचेची गॅरंटी. कमाल आहे." जिम्मा हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढं मी चार पावसाळे तिथं होते. मग निघाले. स्टेशनवर खाला आली होती. गाडी हलली तेव्हा तिचा हात खिडकीतून माझ्या मनगटावर होता आणि ती फलाटावरून चालत होती, मग भरभर, मग पळत, खालू मागून ओरडत होते, सोड, पडशील. तिनं सोडला की गाडीनं सोडवला, हे मला नीट आठवत नाही. मी डोळे मिटले होते.

इथं खिडकीत लोक कार्ड पुढं करतात. मी तारीख पाहते आणि सांगते, संपली. पण त्याआधी, शेठ नसतील तर, विचारते, कसं बिघडलं ते सांगा ना. माणसं बोलायला लागतात. काहींचं खरं असतं. त्यांचं मी आत जाऊन मिस्त्रीकडून गुपचूप करून आणते. शेठला वाटतं, मला शब्दाचा अर्थ अजून कळलेला नाही.

एक गोष्ट तेव्हा पाहिली होती, तिचा अर्थ आता लागतो. हजारो हात भरणाऱ्या खालाच्या स्वतःच्या हातात एकेकच बांगडी असायची. स्वतःचा हात स्वतःला भरता येत नाही, एक हात कमी पडतो.

म्हणून खाला, हे तुझ्यासाठी, कोणी वाचून दाखवलं तर ऐक. मी येणार आहे. खोकं फिरोजाबादचंच आणीन, गवतासकट. तुला उंबऱ्यावर बसवीन, रंग विचारीन, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भरीन. माझा हात अजून कच्चा आहे, चार-दोन वाढतील. त्या माझ्या. तेवढा वेळ मी हात सोडणार नाही.